घाटातलं झाड, मिरजेचं वाद्य



पत्रिकेतला विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. "मिरजेच्या सतारीवर बोला, तानपुऱ्यावर बोला, पण हे मेंडोलिन मध्येच कुठून काढलंत?" शंका रास्त आहे. मेंडोलिन मूळचं इटलीचं. आपली त्याच्याशी ओळख झाली ती सिनेमाच्या गाण्यांतून. सज्जाद हुसेन यांचा त्यावरचा हात जुन्या लोकांना आठवत असेल. लक्ष्मीकांत संगीतकार होण्याआधी मेंडोलिनच वाजवायचे. पुढे दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विजेवरचं मेंडोलिन कर्नाटक संगीताच्या मैफिलीत नेऊन बसवलं. साताऱ्या-सांगलीशी त्याचा संबंध काय, असं कोणालाही वाटेल.

मी लाकडाचा माणूस, गाण्याचा नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी साताऱ्यातल्या पोरांच्या हातात रंधा दिला. त्यांच्या नावाने बोलायचं तर लाकडावरच बोलावं असं ठरवलं. मेंडोलिन का, त्याचं उत्तर मी शेवटी देईन. ते उत्तर हिशेबाचं आहे आणि हिशेब कळायला आधी झाड कळायला हवं.

साताऱ्याहून थोडं खाली उतरून सुरुवात करू. १९४९ साली सातारा जिल्हा विभागला आणि आसपासची संस्थानं त्यात मिळवून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला. १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणजे या दोन जिल्ह्यांचं वेगळेपण तसं अलीकडचं. कृष्णेला ते माहीतही नाही. ती जुन्या महाबळेश्वराला उगम पावते, वाई करते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि सांगली-मिरजेकडे निघून जाते. तिच्या उगमाशी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मिरजेला पोहोचेपर्यंत तो सहाशेच्या आसपास येतो. वाद्य बनवणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून जागा मागितली असती तर त्याने हेच मागितलं असतं. झाड वाढायला ओला घाट आणि लाकूड मुरायला कोरडं पठार, मध्ये जेमतेम दीडशे किलोमीटरचं अंतर.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. तो सुरू करणारे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे. इंग्रजी अंमल बसला, शस्त्रं म्यानात गेली आणि शिकलगारांच्या हाताला काम उरलं नाही. त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्त करता करता नवी वाद्यं बनवू लागले. त्यांचे वंशज आणि शिष्य सतारमेकर झाले. मिरजेत त्यांच्या नावाची गल्ली आहे. धातूला धार लावणाऱ्याला लाकूड जमलं याचं लोक कौतुक करतात. मला त्यात नवल वाटत नाही. धार लावणारा माणूस पृष्ठभाग बोटाने वाचतो, आणि तंतुवाद्यात शेवटी सगळं येऊन थांबतं ते एका पृष्ठभागावर. त्याकडे येतोच.

कारागीर असून भागत नाही, वाजवणारा आणि गाणारा शेजारी लागतो. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात तो होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच शिकले, आणि १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेचे होऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात ते गेले तेव्हा त्यांना आणून दफन केलं ते मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात. खाँसाहेब वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे, तानपुऱ्याची जवारी स्वतः लावायचे. असं गिऱ्हाईक दारात उभं असलं की कारागिराला चालढकल करता येत नाही. मिरजेच्या तानपुऱ्याचा दर्जा वाढला त्यात गल्लीतल्या हातांइतकाच गल्लीबाहेरच्या कानांचा वाटा आहे, असं माझं मत आहे.

आता तानपुरा जरा जवळून पाहू.

खालचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेच्या खोऱ्यातला. हा कडू भोपळा. भाजीचा नव्हे, त्यामुळे गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. वेलीवर पुरता पिकवतात, आणि मग वाळू देतात. गवयाच्या मोठ्या तानपुऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, आणि तो एका बाजूला बसका, दुसऱ्या बाजूला फुगीर असून चालत नाही. कारागीर तो कापतो, आतला गर आणि बिया काढतो, पाण्यात भिजवतो आणि मऊ झाल्यावर आतून काठ्यांचा ताण देऊन हव्या त्या आकारात वाळवतो. त्याला वर गळा जोडायचा, गळ्याला पोकळ दांडी. दांडी, गळा आणि भोपळ्याचं तोंड झाकणारी तबली तुनाची. तून म्हणजे तांबूस, हलकं, सरळ शिरेचं लाकूड. आपल्या घाटात काही ठिकाणी त्याला कुरूकही म्हणतात. मिरजेला ते बहुतेक कर्नाटकच्या बाजूने येत आलं आहे.

तबलीवर घोडी बसते. तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला केसभर उतार आणि गोलाई असते. तार त्या उतारावर टेकते आणि छेडली की क्षणोक्षणी कमी-जास्त लांबीने घासत राहते. कारागीर कानशीने घोडीचा माथा घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुती धागा सरकवतात. त्याला जीव म्हणतात. धागा एका ठरावीक जागी आला की बंद आवाज एकदम उघडतो आणि तारेतून सुरांचा झोत निघू लागतो. मघाशी म्हटलं तो पृष्ठभाग म्हणजे घोडीचा हा माथा, आणि तो असा घासून जुळवणं म्हणजे जवारी लावणं.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तारेच्या शास्त्रात एक जुना नियम आहे. तार बरोबर मधोमध छेडली तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू मध्यावर येतो, ते उमटू नयेत. तानपुऱ्यावर रामन यांनी करून पाहिलं, तर ते स्वर ठणठणीत ऐकू येत होते. नियम मोडणारी ती घोडी. पाश्चात्य वाद्यांच्या घोडीला धार असते आणि तार एका बिंदूवर टेकते. आपल्या घोडीला माथा असतो, तार त्यावर पसरते आणि न छेडलेले स्वर बाहेर काढते. रामन यांनी हे कागदावर मांडलं त्याच्या आधी किती पिढ्या हे काम कानशीने चाललं होतं, याचा विचार करा. मला रामन यांच्याबद्दल आदर आहे, पण कानशीबद्दल थोडा जास्त आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण साताऱ्यात बोलतो आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ई. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश साताऱ्यात होते, आणि सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. दोघांना श्रुतींचं वेड. देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली आलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. १९११ साली फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली, लंडनहून खास श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली, आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. हार्मोनियम हरली म्हणा. पण एक न्यायाधीश, एक डेप्युटी कलेक्टर आणि एक गवई मिळून सूर मोजायला बसले, हा या दोन जिल्ह्यांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

तर मेंडोलिन. मेंडोलिन तीन प्रकारचं असतं. नेपल्सचं जुनं मेंडोलिन पोटाकडून वाटीसारखं गोल. अमेरिकेत ऑरव्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनसारखं कोरीव, फुगीर तबलीचं मेंडोलिन केलं. आणि तिसरं साधं, सपाट तबलीचं. पुढे पातळ फळी, मागे पातळ फळी, कडेने वाकवलेली पट्टी, आत दोन-तीन आडव्या पट्ट्यांचा आधार. कोरीव मेंडोलिनची तबली जाड फळीतून खोदून काढावी लागते, त्यात अर्ध्याहून जास्त लाकूड भुशात जातं. सपाट मेंडोलिन काटकसरी आहे. नवशिक्या सुतारालाही ते समजतं, आणि मला ते आवडतं ते त्यासाठीच.

त्याला आठ तारा असतात, चार जोड्या, व्हायोलिनच्याच सुरांत लावलेल्या. घोडीपासून वरच्या मेरूपर्यंत तारेची लांबी साधारण साडेतीनशे मिलिमीटर. आठ तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास येतो. तारा खालच्या टोकाला अडकवलेल्या असतात, त्यामुळे घोडी चिकटवत नाहीत. ती तबलीवर नुसती उभी असते आणि तारांच्या दाबाने जागच्या जागी राहते. हा दाब सोसायचा अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीने. सोसायचा, आणि वर थरथरायचंही. फळी जाड ठेवली तर मेंडोलिन मुकं होतं, पातळ केली तर वर्षभरात खचतं.

म्हणून तबलीच्या लाकडाची अट एकच, हलकं हवं आणि ताठ हवं. युरोप-अमेरिकेत त्यासाठी स्प्रूस वापरतात. थंडीत हळूहळू वाढणारं झाड, दाट वलयं, शिरेच्या दिशेने विलक्षण ताठ. ते आपल्या घाटात नाही आणि होणारही नाही. "मग आपल्याकडे वाद्याचं लाकूडच नाही" असं म्हणणारे गिटारवाले मला भेटले आहेत. त्यांना मी तुनाची फळी ठोकून दाखवतो. उभ्या शिरेची, म्हणजे ओंडका संत्र्याच्या फोडींसारखा चिरून काढलेली फळी घ्या. एका कडेपासून पाव लांबीवर दोन बोटांत हलकेच धरा आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोका. चांगलं मुरलेलं तून एक स्वच्छ सूर देतं आणि तो थोडा वेळ टिकतो. आंब्याची फळी तशीच ठोकून पाहा, 'थप' असा आवाज येऊन संपतो. स्प्रूसहून तून थोडं जड आणि थोडं कमी ताठ, हे खरं. म्हणून स्प्रूसच्या मापाने तुनाचं मेंडोलिन केलं तर फसतं. आधाराच्या पट्ट्या थोड्या उंच ठेवाव्या लागतात, तबलीची जाडी फळी वाकवून आणि ठोकून ठरवावी लागते. परदेशी पुस्तकातला आकडा घेऊन रंधा मारत बसलात तर दोष लाकडाचा नाही.

मिरजेने हेच केलं. तुनाची तबली, कडू भोपळा, जवारी या तिन्ही गोष्टी एकमेकांना धरून आहेत. तारांचा ताण बेताचा ठेवला, पोकळी मोठी ठेवली, आणि उपस्वर घोडीकडून काढून घेतले. त्या घडणीत स्प्रूसची उणीव कुठेच जाणवत नाही. तंजावरकडे गेलात तर वीणा फणसाची होते. त्यांनाही स्प्रूस आठवत नाही.

पाठीला आणि कडांना लाकूड थोडं घट्ट, वजनदार लागतं. आपल्याकडे निवड भरपूर. बिबळा आहे, फणस आहे, आणि शिसव तर जगाने मान्य केलेली. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली तेव्हा १९६९ साली मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने भारतीय शिसव धरली आणि बाकीचे तिच्या मागून आले. आज जगभरच्या चांगल्या गिटारांच्या पाठीला दक्षिण भारतातली शिसव आहे. पुढे आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर कागदपत्रांची सक्ती आली. वाद्य बनवणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. एवढी उलाढाल होते आणि आपल्या पोराला गिटार घ्यायची झाली की आपण बाहेरून आलेली प्लायवूडची घेतो.

साताऱ्यात मेंडोलिन करायचं तर मी शिसवीपेक्षा फणस घेईन. फणस पाटण-जावळीकडे बांधावर उभा असतो. ताजा कापला की पिवळाधमक, हवा लागून काही वर्षांत तपकिरी होतो. वाकतो चांगला. कडेची पट्टी दोन मिलिमीटर जाडीची काढा, ओली करा, आणि आत निखारे किंवा दिवा ठेवून तापवलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबत न्या. लाकूड मऊ पडल्याचं हाताला कळतं. त्याआधी जोर केला की कडकन मोडतं. सुतारकामात वाचून न येणारी जी कामं आहेत, त्यांत हे पहिल्या रांगेत आहे. मिरजेत ओला भोपळा काठ्या घालून ताणतात, तोही याच जातीचा अंदाज.

गळ्याला जुना साग. जुना म्हणजे खरोखर जुना. वाई, सातारा, कऱ्हाड इथे वाडे पाडले जातात तेव्हा शंभर-दीडशे वर्षं छपराखाली मुरलेल्या सागाच्या तुळया निघतात आणि बऱ्याचदा जळाऊ भावात जातात. तसं लाकूड पुन्हा हलत नाही, पीळ घेत नाही. फक्त दोन सूचना. सागात वाळूसारखा अंश असतो, तो पटाशीची आणि रंध्याची धार खातो, तेव्हा धारेचा दगड जवळ ठेवा. आणि सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे सरस धरत नाही. जोडायच्या जागा ऐन वेळी रंधून स्पिरिटने पुसून घ्या. तुळईत खिळे असतात हे सांगायला नकोच. रंध्याचं पातं एकदा खिळ्यावर गेलं की ती सूचना कायमची लक्षात राहते.

कधी करायचं, हे मात्र महत्त्वाचं, आणि याबद्दल पुस्तकं फारशी बोलत नाहीत, कारण ती आपल्या हवेत लिहिलेली नाहीत. लाकूड रुंदीकडून फुगतं आणि आकसतं, लांबीकडून जवळपास नाही. तबलीच्या आतल्या पट्ट्या शिरेला आडव्या चिकटतात, म्हणजे तबलीची हालचाल त्या अडवतात. आषाढात, हवा ओलीचिंब असताना तबलीला पट्ट्या लावल्या तर ती फुगलेल्या अवस्थेत बांधली जाते. चैत्र-वैशाखाच्या झळांत ती आकसायला जाते, पट्ट्या आकसू देत नाहीत, आणि मधोमध चीर पडते. उलट एप्रिलात, कोरड्या हवेत बांधलेली तबली पावसाळ्यात थोडी फुगून वर येते, तारा जराशा उंच होतात, बोटांना जड लागतं, पण वाद्य टिकतं. म्हणून झाड पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावं. ओंडक्याची तोंडं मेणाने बंद करावी, फळ्यांमध्ये काड्या घालून सावलीत थप्पी लावावी, दोन-तीन उन्हाळे खाऊ द्यावे, आणि तबली उन्हाळ्यात बांधावी. जुने सुतार अंधाऱ्या पंधरवड्यात लाकूड तोडत, म्हणजे भुंगा लागत नाही म्हणून. त्यात तथ्य किती यावर मी वाद घालत नाही, मीही तसंच करतो.

आधाराच्या पट्ट्या करवतीने कापू नयेत. तुनाचा ठोकळा पाचर मारून फाडावा. फाडलेली पट्टी शिरेच्या वाटेनेच फाटते, मग तिच्यात आडवी शीर राहत नाही, आणि बोटाएवढी पट्टी अंगठ्याएवढ्या पट्टीचं काम करते. जोडायला सरस वापरावा. आजकालचा पांढरा गोंद सोपा आहे, पण सरसाचा जोड गरम पातं घालून पुन्हा उघडतो. ज्या वाद्याची दुरुस्ती नातवाने करायची आहे, त्याला उघडणारा जोड हवा. वरून लाखेचं पॉलिश, ज्याला बाजारात फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख आपल्याच पळस-कुसुंबावरची आणि नाव मात्र फ्रेंच. मिरजेत सतार-तानपुऱ्याला तेच करतात.

पडद्यांचं गणित मात्र हातचलाखीने होत नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. मेंडोलिनचे पडदे खाचेत ठोकलेले, एकदा बसले की बसले. साडेतीनशे मिलिमीटरची तार असेल तर तिला १७.८१७ ने भागायचं. पहिला पडदा १९.६४ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा पडदा १८.५४ पुढे. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर १७५ वर, निम्म्यावर येतो. आला नाही तर कुठेतरी चुकलं. देवल आणि क्लेमंट्स यांना हे समान वाटपाचे सूर पसंत पडले नसते. त्यांची तक्रार खरीच आहे, पण मींड घेऊन ती भागवता येते हे सज्जाद हुसेन यांनी दाखवलं आहे.

सगळंच देशी होणार नाही, हेही सांगून टाकतो. पडद्यांची जर्मन सिल्व्हरची तार, खुंट्यांची चक्रं आणि पोलादी तारा विकतच घ्याव्या लागतात. मिरजेतही तारा विकतच्याच. घोडीला पूर्वी सांबरशिंग, हस्तिदंत चाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, ते योग्यच झालं. आता उंटाचं हाड, शिसव किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

आता मघाच्या प्रश्नाकडे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा मिळालं, पण मिळालं. आता दुसऱ्या गावात केलेला तानपुरा मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. कायद्याने नाव राखलं. पण भोपळा आणि तून मानांकनाच्या कागदावर उगवत नाहीत. भोपळ्याचा पेरा शेतकऱ्याच्या मर्जीवर. ज्या शेताला पाणी पोहोचलं तिथे ऊस लागला, कडू भोपळा कोण लावतो? तुनाचं तर त्याहून अवघड. सातारा जिल्ह्यात कास, कोयना हा प्रदेश २०१२ पासून जागतिक वारशात आहे, व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या झाडाला कोणी हात लावू नये, आणि मी तसं सुचवतही नाही. खासगी जमिनीवर साग, फणस, आंबा, जांभूळ तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. परवानगी काढायचे हेलपाटे इतके की शेतकरी झाडच लावायचं टाळतो. म्हणजे झाड वाचवायला केलेल्या कायद्यामुळे बांधावर नवं झाड येत नाही, असं मी अनेक गावांत ऐकलं आहे.

मग तून लावा, असं म्हणणं सोपं. लावून पाहिलेलं आहे. हेच झाड ऑस्ट्रेलियात तांबडा देवदार म्हणून नावाजलेलं. तिथल्या वसाहतवाल्यांनी जंगलातलं जवळजवळ संपवलं आणि मग लागवड करायला गेले. एक पतंग आहे, त्याची अळी तुनाच्या शेंड्यात शिरते आणि कोवळा कोंब आतून खाते. शेंडा मरतो, बाजूला दोन-चार फांद्या फुटतात, सरळ खोड मिळायच्या ऐवजी झुडूप मिळतं. नुसत्या तुनाची बाग लावली की ती अळी एका झाडावरून दुसऱ्यावर जात राहते. जंगलात तून एकटं, इतर झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठी, घळीत उभं असतं म्हणून वाचतं. तेव्हा लावायचं तर बांधावर मिसळून, दुसऱ्या झाडांच्या अर्ध्या सावलीत, अंतरा-अंतराने. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या उतारावर अशी जागा भरपूर आहे.

अडचण काळाची. तानपुऱ्याच्या रुंद तबलीला आणि दांडीला लागतं ते खोड जाड हवं, त्याला चाळीस-पन्नास वर्षं द्यावी लागतात. एवढा वेळ थांबायला कोणता शेतकरी तयार होईल? इथे मेंडोलिन उपयोगी पडतं. सपाट मेंडोलिनची तबली पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर रुंद, आणि तीही एका फळीची नसते. एकच फळी पुस्तकासारखी उघडून दोन अर्धी मध्ये जोडतात, म्हणजे तेरा सेंटिमीटर रुंदीची उभ्या शिरेची फळी पुरते. ती मिळायला पस्तीस सेंटिमीटर व्यासाचं खोड बस झालं. चांगल्या जमिनीत तून वीस-पंचवीस वर्षांत तेवढं होतं. आणि त्याच सुमाराला लागवडीत विरळणी करावीच लागते, दाट झालेली काही झाडं काढावीच लागतात, म्हणजे उरलेली जाड होतील. आज विरळणीचं लाकूड खोक्यांना आणि चुलीला जातं. तेच मेंडोलिनला गेलं, युकुलेलेला गेलं, लहान मुलांच्या गिटारला गेलं, तर शेतकऱ्याला मधल्या काळात चार पैसे मिळतील आणि मिरजेच्या तानपुऱ्याचं झाड उभं राहील. लहान वाद्य मोठ्या वाद्याची मुदत भरून काढील. माझा हिशेब तो एवढाच.

बनवणार कोण, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. मिरजेतले हात बनवतील, त्यांना गिटार-मेंडोलिन परकं नाही, दुरुस्तीला येतच असतं. आणि साताऱ्यात आयटीआय आहे, सुतारकामाचा वर्ग आहे. तिथे पोरं स्टूल आणि खिडकीची चौकट करून परीक्षा देतात. परीक्षेला एक सपाट मेंडोलिन ठेवा. गुण्या, खतावणी, रंधा, सरस, पॉलिश सगळं त्यात येतं, आणि जोड बरोबर बसला की नाही हे परीक्षकाला पट्टी न लावता कळतं. तार लावायची आणि ऐकायचं. पहिल्या बॅचचे नमुने भिकार वाजतील. ते विकू नका, वर्गातच टांगून ठेवा, पुढच्या बॅचने ते उघडून पाहावे म्हणून तर सरसाने जोडायचे.

तुनाचं बी मे महिन्यात गळायला लागतं आणि त्याची रुजण्याची ताकद फार दिवस टिकत नाही. ज्यांना बांधावर जागा आहे त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावं. जूनच्या पहिल्या पावसाआधी मी बी पोहोचतं करीन.